जाईचा वेल वाढतो, पण फुलत का नाही?

पावसाळा सुरू झाला की बाजारात जाई-जुईच्या वेण्या दिसू लागतात आणि गौरी-गणपतीच्या आठवड्यात फुलांच्या भावाच्या बातम्या छापून येतात. त्याच दिवसांत घरोघरी एक प्रश्नही विचारला जातो. दोन-तीन वर्षांपूर्वी हौसेनं लावलेला जाईचा वेल गॅलरीच्या ग्रिलवर पार वरपर्यंत गेलाय, पानं हिरवीगार आहेत, पण फूल म्हणाल तर अख्ख्या मोसमात पाच-सहा. रोपवाटिकेवाल्यानं फसवलं, पाणी कमी पडलं, माती वाईट निघाली, अशी कारणं मग शोधली जातात.

बहुतेक वेळा कारण यांपैकी एकही नसतं. वेल निरोगी असतो. आपण त्याची काळजी घेतो तीच पानं वाढवणारी असते. जाईला फूल येतं ते त्या वर्षी फुटलेल्या कोवळ्या फांदीवर, आणि आपण तर जुनी फांदी जिवापाड जपत असतो. एवढं एक कळलं की छाटणी, ऊन, खत, पाणी या सगळ्याचा अर्थ लागत जातो.

## वेल जाईचाच आहे ना?

आपल्याकडे जाई, जुई, चमेली, सायली, कुंद, मोगरा ही नावं गावागणिक इकडची तिकडे होतात. रोपवाटिकेतल्या पाट्यांवर तर विचारूच नका. म्हणून नावावर न जाता पान पाहा.

जाईचं पान संयुक्त असतं. एकाच देठावर समोरासमोर पानांच्या जोड्या आणि टोकाला एक पान, अशी साधारण सात ते नऊ छोटी पानं मोजता येतात. कळी बाहेरून गुलाबी छटेची, उमललेलं फूल पांढरं आणि पाच पाकळ्यांचं. वनस्पतिशास्त्रात हिचं नाव जॅस्मिनम ग्रॅन्डिफ्लोरम. हिंदीत हीच चमेली. जुई म्हणजे जॅस्मिनम ऑरिक्युलेटम. तिचं फूल जाईपेक्षा लहान, आणि मुख्य पानाच्या बुडाशी बहुधा दोन अगदी बारीक पानं चिकटलेली असतात. मोगऱ्याचं पान एकटं, रुंद आणि चकचकीत असतं. तो मुळात झुडूप, वेल नावापुरता. कुंदही याच कुळातला, पण फुलतो थंडीत आणि वास अगदी मंद.

आता नुसते नावाचे नातेवाईक. रातराणी जाईच्या कुळातली नाहीच, ती टोमॅटो-बटाट्याच्या कुळातली. गुलाबी-पांढऱ्या घोसांची मधुमालतीही वेगळ्याच कुळातली. उलट पारिजातक मात्र जाईचा खरा भाऊबंद, दोघंही ऑलिव्हच्या कुळातले. शिवाय 'स्टार जॅस्मीन' म्हणून एक वेल विकला जातो. त्याचं पान तोडलं तर पांढरा चीक येतो. खऱ्या जाईला चीक नसतो. वेल घेण्याआधी एक पान तोडून पाहायला कुणाची हरकत नसावी.

पुढे जे सांगतोय ते जाई आणि जुई या दोघींना लागू आहे. मोगऱ्यालाही बरंचसं चालतं, फक्त त्याचा हंगाम उन्हाळ्याचा, त्यामुळे त्याची छाटणी महिना-दोन महिने आधी करतात.

## फूल नेमकं कुठे लागतं?

जाईच्या फांदीवर पानांच्या प्रत्येक जोडीच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो. डोळा म्हणजे न फुटलेली फांदी. तो जागा झाला की त्यातून कोवळी फूट निघते आणि या फुटीच्या टोकाला कळ्यांचे झुपके येतात. गेल्या वर्षीची तपकिरी, कडक झालेली फांदी स्वतः फुलत नाही. तिचं काम नवी फूट धरून ठेवण्याचं.

मग डोळे आपोआप का जागे होत नाहीत? कारण वाढता शेंडा त्यांना जागं होऊ देत नाही. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते फांदीतून खाली झिरपतं आणि त्याच्या प्रभावाखाली बाजूचे डोळे निजून राहतात. अन्नही आधी शेंड्याकडेच ओढलं जातं. म्हणून न छाटलेला वेल एकाच दिशेनं वर वर पळतो. दहा फूट लांब, पण फुलणारी टोकं मोजून तीन. शेंडा कापला की हा दाब उठतो आणि खालचे चार-पाच डोळे एकदम फुटतात. एका टोकाची पाच टोकं होतात, म्हणजेच कळ्या धरायला पाच जागा.

नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी ज्या हिशेबानं होते, तोच हिशेब इथे आहे. न छाटलेली द्राक्षवेल कुणी बागायतदार ठेवत नाही, कारण त्याला पानं विकायची नसतात. जाईचं तसंच आहे, फक्त तिची छाटणी वर्षातून एकदाच पुरते.

## छाटणी कधी आणि किती?

महाराष्ट्रात जाई-जुईचा बहर पावसाळ्यात, जून-जुलैपासून दिवाळीच्या मागेपुढेपर्यंत. त्यानंतर थंडीत वेल सुस्तावतो. हीच छाटणीची वेळ. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीही करा, जानेवारी सर्वांत सोयीचा. तमिळनाडूत जिथे या फुलांची मोठी शेती आहे, तिथेही जाई-जुईची छाटणी जानेवारीच्या शेवटी करतात आणि झाड जमिनीपासून दीड फुटावर आणतात. हो, दीड फूट. शेतीत तेवढी कठोर छाटणी करतात.

घरच्या वेलाला इतकं टोकाचं करायची गरज नाही. ग्रिलवर किंवा मांडवावर वेल असेल तर मुख्य खोड आणि दोन-तीन जाड फांद्यांचा सांगाडा ठेवा. त्यांवरून निघालेल्या सगळ्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळे राखून कापा. वाळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या बुडापासून काढा. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीनं फांदी चेपते आणि तिथून सड सुरू होते. अंगठ्याएवढ्या जाड फांदीच्या कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लावा. छाटणीआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करा आणि छाटणी झाल्यावर उरलेली पानं हातानं काढून टाका. दोन-तीन आठवड्यांत लालसर-हिरवे कोंब दिसू लागतील.

हे कोंब वीतभर झाले की त्यांचाही शेंडा नखानं खुडावा. याला शेंडा खुडणी म्हणतात. एका कोंबाचे दोन-तीन होतात. मेपर्यंत हे करत राहिलं तरी चालतं. पाऊस तोंडावर आला की मात्र कात्री ठेवून द्या, कारण तेव्हा कळ्या त्याच टोकांवर धरत असतात. बहर सुरू झाल्यावर झुपका संपला की तो खालच्या एक-दोन पानांसकट तोडावा, तिथून पुन्हा फूट येते.

जाईला काकडी-दोडक्यासारखे तणावे नसतात. ती टेकून, गुंडाळत चढते, म्हणून सुतळीनं सैल बांधावं लागतं. बांधताना फांद्या सरळ वर नेण्याऐवजी आडव्या फिरवा. आडव्या फांदीत शेंड्याचा वरचष्मा कमी होतो आणि जागोजागचे डोळे फुटतात. न कापता मिळणारा हा फायदा फार कमी लोक घेतात.

## इतकं कापलं तर वेल मरणार नाही?

ही भीती अगदी खरी असते. हिरव्यागार वेलावर कात्री चालवायला हात धजावत नाही. पण जाईची ताकद मुळांत आणि जाड खोडात साठलेली असते, पानं गेल्यानं ती संपत नाही. मुळं धरलेला, दोन वर्षांचा निरोगी वेल अशा छाटणीतून सहज सावरतो.

तीन वेळा मात्र छाटणी टाळा. लावून वर्षही झालं नसेल तर फक्त शेंडे खुडा. वेल आजारी किंवा पाण्यानं सडलेला असेल तर आधी तो बरा होऊ द्या. आणि कुंडी नुकतीच बदलली असेल तर मुळं आणि फांद्या यांना एकाच वेळी धक्का देऊ नका.

## आजीच्या अंगणातला वेल तर कुणी छाटत नव्हतं

हा आक्षेप हमखास येतो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. अंगणातल्या वेलाचं पाय पसरणं वेगळं होतं. मुळं जमिनीत खोल, मांडव दहा-बारा फूट रुंद, दिवसभर ऊन. इतक्या मोठ्या वेलाला टोकंच शेकड्यांनी असतात, त्यामुळे न छाटताही फुलं भरपूर दिसतात. दुसरं म्हणजे छाटणी होत होती, फक्त तिला कुणी छाटणी म्हणत नव्हतं. देवाला आणि वेणीला रोज तोडणी व्हायची, वाटेत येणारी फांदी मोडली जायची, शेळी तोंड घालायची, मांडव शाकारताना जुना पसारा निघायचा. उन्हाळ्यात विहीर आटली की वेलाला पाण्याचा ताणही आपोआप बसायचा.

चौदा इंची कुंडीतल्या वेलाला यातलं काहीच मिळत नाही. ते आपल्याला मुद्दाम करावं लागतं.

## ऊन

छाटणी अचूक केली आणि ऊन नसलं तर श्रम वाया गेले असं समजा. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवं. लख्ख उजेड म्हणजे ऊन नव्हे.

इथे एक गोष्ट मुंबई-पुण्याच्या सदनिकांत राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. दक्षिणेची गॅलरी सर्वांत उन्हाची, असा समज आहे आणि हिवाळ्यात तो खराही आहे. पण मुंबई १९ अक्षांशावर आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य तिथे डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो. म्हणजे जाईला कळ्या धरायच्या नेमक्या दिवसांत दक्षिणेच्या गॅलरीत वरच्या स्लॅबची सावली पडते. पूर्व किंवा पश्चिमेची गॅलरी जाईला जास्त मानवते. दक्षिणेचीच असेल तर कुंडी आत भिंतीशी न ठेवता ग्रिलच्या बाहेरच्या कडेला आणा. उत्तरेच्या बंदिस्त गॅलरीत जाई लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे पानांच्या शोभेची झाडं आनंदानं राहतील.

## खत घातलं, तरी नुसती पानंच का?

खताच्या पिशवीवरचे तीन आकडे म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांचं प्रमाण. नत्रानं पानं आणि फांद्या वाढतात, स्फुरद मुळांना आणि कळ्यांना लागतं, पालाश एकूण दमासाठी. युरिया, ताजं शेण किंवा दर आठवड्याला घातलेलं नत्रयुक्त द्रवखत यांनी वेल पानांकडेच झुकतो. तमिळनाडू कृषी विद्यापीठाची मोगऱ्यासाठीची शिफारस पाहा: एका झाडाला वर्षाला दहा किलो शेणखत, नत्र ६० ग्रॅम, आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी १२० ग्रॅम. नत्र बाकी दोघांच्या निम्म्यावर. ही मात्रा शेतातल्या झाडाची आहे, कुंडीत तेवढी घालायची नाही, पण प्रमाण तेच ठेवावं.

कुंडीसाठी साधा हिशेब असा. छाटणीनंतर वरची दोन-तीन इंच माती काढा आणि तिथे कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ हाडांची भुकटी मिसळून भरा. जूनमध्ये पुन्हा थोडं गांडूळखत. चूल असेल तर चिमूट-दोन चिमूट लाकडाची राख, तीही महिन्यातून एकदा.

मोबाइलवर फिरणाऱ्या उपायांचं काय? चहाचा चोथा धुऊन मातीत मिसळला तर माती भुसभुशीत होते, पण फूल त्यामुळे येत नाही. केळ्याच्या सालीत पालाश असतं खरं, पण ते झाडाला नीट मिळतं साल कुजल्यावर. रात्रभर भिजवलेल्या सालीच्या पाण्यावर फार भिस्त ठेवू नका.

## पाणी, आणि पाण्याचा ताण

फळबागांत ताण हा शब्द रोजचा आहे. संत्र्या-डाळिंबाला बहर धरायच्या आधी काही दिवस पाणी तोडतात, झाडाची वाढ थांबते, आणि पुन्हा पाणी मिळालं की ते फुलतं. जाईलाही थोडा ताण मानवतो. छाटणीआधीचे आठ-दहा दिवस त्यासाठीच. पण कुंडीतली माती लवकर सुकते, त्यामुळे पानं मलूल होईपर्यंत ताणू नका.

एरवी बोटाच्या दोन पेरांपर्यंत माती कोरडी लागली की भरपूर पाणी द्यावं. उन्हाळ्यात ते रोज असेल, पावसाळ्यात कदाचित आठवडाभर लागणारही नाही. कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून टाका. तिच्यात साचलेल्या पाण्यानं मुळं कुजतात, वरून डासही होतात.

## वास रात्रीच का येतो?

जाईचं फूल संध्याकाळी-रात्री उमलतं, कारण तिचे पाहुणे रात्री येतात. फूल पांढरं म्हणून अंधारात दिसतं, वास दूरवर जातो, आणि फुलाची नळी लांब असल्यामुळे मधापर्यंत पोचायला लांब सोंडेचे पतंग लागतात. दिवसा दरवळून तिला काय मिळणार? म्हणून दुपारी फूल हुंगून 'याला वासच नाही' असं ठरवू नका. दहाव्या-बाराव्या मजल्यावर वारा वास उडवून नेतो, हेही ध्यानात असू द्या.

या वासात शंभराहून अधिक घटक आहेत. मोठा वाटा बेन्झिल अॅसिटेटचा, गोड आणि फळासारखा. नवल वाटेल असा एक घटक म्हणजे इंडोल. दाट झाला की त्याचा वास डांबरगोळ्यांसारखा, नकोसा. विष्ठेच्या वासातही तो असतो. पण अगदी थोड्या प्रमाणात तोच जाईच्या वासाला तो जडपणा देतो, ज्याशिवाय कृत्रिम जाईचं अत्तर पोकळ वाटतं. बंद खोलीत गजऱ्यानं कुणाचं डोकं दुखतं, ते नाटक नसतं. तीव्र वासानं अर्धशिशी उठू शकते.

तोडल्यावरही हे फूल काही तास वास बनवत राहतं. गजरा रात्रभर दरवळतो तो त्यामुळे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूरकडे चमेलीचं तेल करताना तिळांत फुलांचे थर देत, फुलं बदलत, तो वास तिळात मुरवत असत. फ्रान्समधल्या ग्रास गावात हेच काम चरबी लावलेल्या काचांवर चाले. हजारो मैलांवरच्या दोन ठिकाणी माणसांनी फुलाचा हाच गुण हेरला होता.

जाईच्या तेलातूनच १९६२ मध्ये मिथाइल जॅस्मोनेट हा पदार्थ वेगळा काढला गेला. तेव्हा तो नुसता एक सुगंध होता. १९९० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बंद भांड्यात टोमॅटोच्या रोपाशेजारी सेजब्रश या झुडपाच्या फांद्या ठेवल्या. त्यांतून हवेत आलेल्या मिथाइल जॅस्मोनेटमुळे टोमॅटोच्या पानांत किडींचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार झाली. किडीनं पान कुरतडलं की बहुतेक झाडं याच गटातली द्रव्यं वापरून स्वतःला सावध करतात, हे आता ठाऊक झालं आहे. या सगळ्या गटाला जॅस्मोनेट हे नाव मिळालं ते जाईवरून.

## साप येतात का?

नाही, वासानं येत नाहीत. साप जिभेनं हवेतले कण टिपतो आणि टाळूतल्या इंद्रियानं ओळखतो. तो शोधतो उंदीर, बेडूक, पाल, फुलं नाही. अंगणात दाट वेलाखाली पालापाचोळा, विटा, अडगळ साचली की उंदीर-बेडूक येतात आणि त्यांच्या मागे साप. म्हणून वेल तोडू नका, त्याचं बूड मोकळं ठेवा. जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंतच्या फांद्या काढल्या की हवाही खेळते आणि भीतीही राहत नाही.

## पानं पिवळी, कळ्या पोखरलेल्या

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर लोह कमी पडतंय. चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे नेहमी होतं. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून फवारा, पानं हिरवी होईपर्यंत महिन्याला एकदा. कळ्या जांभळट पडून गळत असतील आणि त्यांना बारीक भोक दिसलं तर आत अळी आहे. अशा कळ्या वेचून नष्ट करा आणि आठवड्यानं निंबोळी अर्क फवारा. उन्हाळ्यात पानांखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके दिसले तर ती लाल कोळी नावाची बारीक कीड. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी बराच आटोक्यात येतो.

## परदेशात लावायची असेल तर

इंग्लंड-युरोपात दुकानात तारेच्या कड्यावर गुंडाळलेली जी जाई मिळते, ती बहुधा जॅस्मिनम पॉलिअँथम. तिचं गणित उलटं आहे. ती गेल्या वर्षीच्या फांदीवर, हिवाळ्याच्या शेवटी फुलते आणि कळ्या धरायला तिला गार रात्री लागतात. जानेवारीत छाटली तर कळ्याच कापल्या जातील. तिची छाटणी बहर संपल्यावर लगेच. गरम खोलीत ठेवलेल्या कुंडीला फूल न येण्याचं कारणही हेच. अमेरिकेत पिवळ्या फुलांचा 'कॅरोलायना जेसमिन' मिळतो. तो जाई नाही आणि त्याचे सगळे भाग विषारी आहेत. लहान मुलं असतील तर लावूच नका.

## कापलेल्या फांद्यांचं काय करायचं?

फेकू नका. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या वीतभर काड्या निवडा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या, दोन डोळे मातीत जातील अशा बेतानं वाळू आणि गांडूळखताच्या मिश्रणात तिरक्या खोचा आणि सावलीत ओलसर ठेवा. सगळ्या लागतील असं नाही, म्हणून एकीऐवजी आठ-दहा लावा. पावसाळ्यात दाब कलम आणखी खात्रीचं. वेलाचीच एक लांब फांदी न तोडता खाली वाकवायची, मधल्या भागाची साल किंचित खरवडून तो शेजारच्या कुंडीतल्या मातीत पुरायचा, वर दगड ठेवायचा. दोन-अडीच महिन्यांत मुळं धरतात, मग मूळ वेलापासून कापून घ्या. या रोपांची पहिली छाटणी पुढच्या जानेवारीत नको, त्याच्या पुढच्या जानेवारीत.